मराठी हायकूला वसंत कुठे सापडेल?

मी लिहिलेला पहिला हायकू चेरीच्या फुलांवर होता. कॉलेजात होतो. इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत मोबाइलवर लिहिला, तिथूनच इन्स्टाग्रामवर टाकला. घरी पोचेपर्यंत बऱ्यापैकी लाइक्स पडले होते. चेरीचं झाड मी तोवर पाहिलेलं नव्हतं, आजही पाहिलेलं नाही. मला ठाऊक होती ती बेकरीतल्या केकवरची चेरी. आज्जीला वाचून दाखवला, तर तिनं एवढंच विचारलं, "हे झाड कुठल्या शिवारात असतं रं?" मी म्हणालो, जपानात. "मग तू कवा गेलतास?"

तेव्हा हसून सोडून दिलं. पुढे काही वर्षं हायकू वाचत गेलो, जपानी कवितांची भाषांतरं वाचली, मराठी हायकूही भरपूर वाचले, आणि आज्जीचा प्रश्न जास्तच टोचायला लागला. कारण तो फक्त माझ्या एका हायकूपुरता नव्हता. मराठीत हायकू रुजून आता पन्नासेक वर्षं होत आली. तीन ओळी आल्या, क्षण पकडणं आलं, ओळीच्या शेवटी थबकणंही आलं. पण जपानी कवितेत ज्या एका शब्दावर सगळा डोलारा उभा असतो, तो ऋतुशब्द मात्र आपण आणलाच नाही. आणि जिथे आणला तिथे जपानचाच उचलून आणला.

आधी हा ऋतुशब्द म्हणजे काय ते बघू.

जपानीत त्याला 'किगो' म्हणतात. परंपरेनं लिहिलेल्या हायकूत एक किगो असतोच, आणि त्यावरून कविता कुठल्या ऋतूतली आहे हे वाचणाऱ्याला कळतं. असे हजारो शब्द ऋतूनुसार लावून ठेवलेले कोश आहेत. त्यांना 'साइजिकी' म्हणतात. हायकू लिहिणारा माणूस तो कोश पिशवीत घेऊन फिरतो.

वसंताच्या भागात साकुरा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच भागात आणखी काय काय आहे ते पाहिलं की गंमत वाटते. बेडूक आहे. फुलपाखरू आहे. मांजरांचं माजावर येणं आहे. साबणाचे फुगे आहेत, झोपाळा आहे, लांबत चाललेला दिवस आहे. शाळेतला निरोपाचा दिवस आहे आणि नव्या शाळेत प्रवेशही आहे, कारण तिथलं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. 'डोंगर हसतो' असाही एक किगो आहे, आणि 'कासव ओरडतं' असाही. आता कासव काही ओरडत नाही, हे जपान्यांनाही कळतं. तरी वसंताच्या धूसर रात्री कुठूनसा आवाज आला तर तो कासवाचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

'सगळ्यांनी मिळून ठरवलंय' हेच महत्त्वाचं. किगो म्हणजे निसर्गवर्णनाचा शब्द नव्हे, तो एक करार आहे. धुक्याचंच घ्या. हवेतला तोच धूसरपणा वसंतात असला तर 'कासुमी' आणि शरदात असला तर 'किरी'. शब्द उच्चारला की ऋतू ठरला. पावसाचंही तसंच. वसंतातला पाऊस, 'हारुसामे', मऊ, बारीक आणि रेंगाळणाराच असायचा. प्रत्यक्षात एखाद्या वसंतात धो धो कोसळला असेल, पण कवितेतला हारुसामे तसा कोसळत नाही. शब्दाचा हा जो ठरलेला गाभा, त्याला 'होन्-इ' म्हणतात. शतकानुशतकं लोकांनी त्या शब्दात आपल्या आठवणी साठवत नेल्या. म्हणून कवीनं नुसतं 'हारुसामे' म्हटलं की पुढचं सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उघडतं. सतरा मात्रांत जग मावतं ते या उधारीवर. कविता आखूड असते, कारण तिच्यामागे कोश मोठा असतो.

करार असला म्हणजे तो मोडताही येतो, आणि मोडला की आवाज होतो. बाशोची जुन्या तळ्यावरची कविता आपल्यापैकी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या भाषांतरात वाचलेली असते. १६८६ सालची. आपण ती शांततेची कविता म्हणून वाचतो. ती आहेच. पण जपानी वाचकाला त्यात अजून काहीतरी ऐकू येतं. बेडूक हा तिथे वसंताचा शब्द, आणि कवितेत बेडकाचं काम गाण्याचं. इसवी सन ९०५ च्या सुमाराच्या 'कोकिन्शू' या संग्रहाच्या प्रस्तावनेतच फुलांतला उगुइसु पक्षी आणि पाण्यातला बेडूक यांच्या गाण्याचा उल्लेख आहे. सात-आठशे वर्षं बेडूक गातच होता. बाशोनं त्याला गाऊ दिलं नाही. उडी मारू दिली आणि पाण्याचा आवाज ऐकवला.

आता ही कविता मी इस्लामपुरात वाचली तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं? जून. पहिला दणका पाऊस होऊन गेलाय, उसाच्या सऱ्यांत पाणी साचलंय, रात्रभर बेडकांनी कालवा केलाय. आमच्याकडे बेडूक पावसाळ्याचा. त्यामुळे बाशोच्या कवितेतला वसंत माझ्यापर्यंत पोचलाच नाही, आणि मोडलेला करारही कळला नाही. मला कळली ती फक्त उडी. मराठी हायकूचं बरंचसं असंच झालं, असं मला वाटतं. उडी आली, तळं मागे राहिलं.

शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी सत्तरच्या दशकात हायकू मराठीत आणला आणि पुढे आयुष्यभर निष्ठेनं लिहिला. आचार्य अत्र्यांच्या घरात, मोठ्या आवाजाच्या वक्तृत्वाच्या सावलीत वाढलेल्या बाईनं इतका हळू बोलणारा प्रकार निवडावा, याचं मला कायम नवल वाटतं. त्यांनी अक्षरांच्या मोजणीचा हट्ट धरला नाही, तीन ओळी ठेवल्या, यमकाचा हलका टाका घातला. मराठी कानाला रुचेल असं हे रूप त्यांच्यामुळेच स्थिरावलं. पाखरं, झाडं, संध्याकाळ, पाऊस, एकटेपण हे सगळं त्यात आहे. त्यांचं ऋण मान्य करूनच पुढचं म्हणतोय. त्यांच्या वाटेनं आलेल्या मराठी हायकूत निसर्ग खूप आहे, ऋतू कमी आहे. पान गळतं, पण कुठल्या महिन्यात? पाखरू उडतं, पण कुठलं? क्षण नेमका असतो आणि काळ मोघम.

यावर कुणी म्हणेल, जपानीतही ऋतूशिवाय हायकू लिहितातच की. खरं आहे. त्याला 'मुकी' हायकू म्हणतात, मुकी म्हणजे ऋतू नसलेला. १९३० च्या दशकात यावरून तिथे बरीच भांडणं झाली. ऋतुशब्द हे जोखड आहे, कारखाने आणि युद्ध यांच्या काळात ते फेकून द्यायला हवं, असं म्हणणारे कवी होते. पण त्यांनी ते असताना फेकलं. जोखड फेकण्यातही एक अर्थ होता, कारण खांद्यावर त्याचा वळ होता. आपल्याकडे ते कधी आलंच नाही. त्यामुळे आपला ऋतुहीन हायकू जपानी अर्थानं मुकी नाही. कधीकधी मराठी अर्थानं मात्र मुका वाटतो.

मग मराठी कवितेत ऋतुशब्द नाहीतच का? आहेत. 'श्रावण' म्हणून बघा. बालकवींची कविता शाळेत पाठ केलेल्या कुणालाही या एका शब्दात ऊन-पाऊस, उपास, माहेर आणि झोका एकदम दिसतात. हा अस्सल किगो आहे. आपली सामूहिक आठवण पावसाभोवती जमा झाली आहे, आणि ज्या मुलखाचं वर्षभराचं नशीब चार महिन्यांच्या पावसावर ठरतं तिथे हे साहजिकच आहे.

पण 'वसंत' म्हणून बघा. कोकिळ, आम्रमंजिरी, मदनाचे बाण, मलयगिरीवरून येणारा चंदनाचा वारा. हे सगळं संस्कृतातून तयार होऊन आलेलं सामान आहे. तिथे ते जिवंत होतं. आमच्याकडे चैत्रात मलयानिल येत नाही. येते ती वावटळ. मोकळ्या रानातून भिरभिरत येते आणि दोरीवरचे कपडे धुळीनं माखून जाते. मराठी भावगीतात वसंत वारंवार येतो, पण तो कुठल्याही गावचा नसतो.

जपान्यांचीही एकेकाळी हीच अडचण होती. त्यांनी ऋतूंची मोजणी चीनकडून घेतली. वर्षाचे बहात्तर तुकडे, प्रत्येक साधारण पाच दिवसांचा, आणि प्रत्येकाला नाव: आता बर्फ वितळतं, आता अमुक पाखरू बोलतं. पण पाखरं चीनची. १६८५ साली जपाननं नवं पंचांग स्वीकारलं. ते करणाऱ्या शिबुकावा शुन्काई यांनी ही नावं जपानच्या हवेप्रमाणे बदलली. म्हणजे बाशोच्या बेडकानं उडी मारली त्याच्या एक वर्ष आधी. उसना कोश आपल्या रानात आणून तपासण्याचं काम तिथे कुणीतरी बसून केलं. त्याही आधीपासून हायकूची पूर्वज असलेली हाइकाइ कविता दरबारी शब्दांच्या बाहेर पडत होती. राजदरबारातल्या कवितेत जे शब्द बसत नव्हते ते, मुळा, पिसवा, माजावर आलेली मांजरं, तिनं आत घेतले. साइजिकी मोठी झाली ती अशी.

आपल्याकडे हे काम अगदीच झालं नाही असं नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. चैत्रापासून निघून बारा महिन्यांतून फिरणारं हे पुस्तक मला मराठीतली साइजिकी होण्याच्या सगळ्यात जवळचं वाटतं. कुठलं झाड कधी पालवतं, कुठला रंग कधी उतरतो, हे त्यांनी स्वतः बघून लिहिलं. पण ते एका बाईच्या विलक्षण नजरेचं गद्य आहे. कवितेनं त्यातून करार केला नाही. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ मध्ये आल्या आणि शेताचा ऋतू, शेताचे शब्द थेट कवितेत आले. आणि फार मागे गेलो तर हालाची 'गाथासप्तशती' आहे, महाराष्ट्री प्राकृतातली. दोन ओळींच्या सातशे कविता. त्यात नांगरट करणारा आहे, मोहाची फुलं आहेत, आंब्याचा मोहर आहे, आणि त्या मोहराकडे बघून जिवात कालवाकालव झालेली प्रवाशाची बायको आहे. आखूड कविता आणि ऋतूची खूण ही जोडी आपल्या मातीत हायकूच्या आधी पंधराएकशे वर्षं होती. जपान आपल्याला नवं काही देत नव्हता, आपलंच विसरलेलं आठवून देत होता. आपण ते ओळखलं नाही, इतकंच.

तर मग वाळवा तालुक्यातल्या वसंताचे शब्द कुठले? मी दोन वर्षं फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवतोय. थोडे सांगतो.

'खोडवा.' माघ-फाल्गुनात ऊस तुटून जातो, रानात पाचट पडतं, बरेच जण ते पेटवतात. दोन दिवस रान काळंठिक्कर दिसतं. मग पाणी दिलं की त्याच जुन्या बुडख्यांतून हिरवे कोंभ वर येतात. आमच्याकडे पालवी म्हणून डोळ्यांत भरते ती ही, आणि ती झाडावर नसते, जमिनीतून येते.

'पट्टा पडला.' म्हणजे कारखान्याचं गाळप थांबलं. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या मोडतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, लाकडं, शेळ्या आणि लेकरं बसतात. आपल्यासाठी ही हंगामाची सांगता, त्यांच्यासाठी घर. एकाच शब्दात जाणं आणि परतणं दोन्ही आहे.

'चीक.' कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो, वाटतात, गाळतात, शिजवतात. तो शिजलेला गरम चीक वाटीत घेऊन पोरं गच्चीवर बसतात. वाळवण राखायला बसवलेलं असतं, पण निम्मं लक्ष पुस्तकात असतं, कारण वार्षिक परीक्षा असते. जपानी कोशात शाळेचा निरोप वसंताचा शब्द असेल, तर आमच्या कोशात परीक्षेचं वेळापत्रक का नको?

'सासनकाठी.' चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर काठ्या निघतात आणि आख्खा डोंगर गुलालानं माखतो. साकुराच्या पाकळ्यांचं वादळ मी पाहिलेलं नाही, पण गुलालाचं पाहिलंय. जत्रा हा शब्द आमच्याकडे नुसता मौजेचा नाही. याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांची 'फकिरा' कादंबरी सुरू होते ती गावाला जत्रा मिळावी म्हणून जोगणी आणण्यावरून, आणि त्यात राणोजीचं शिर जातं. इतकं ज्याच्या पोटात आहे, त्या शब्दाला किगो व्हायला अजून काय लागतं?

आणि 'तांबट'. भर दुपारी, सगळं गाव गप असताना, भांडं ठोकल्यासारखा एकसुरी टुक टुक टुक. कोकिळेवर इतक्या कविता झाल्या. या बिचाऱ्यानं अख्खा उन्हाळा ठोकूनही त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.

यातला पहिला शब्द घेऊन मी तीन ओळी लिहिल्या:

पाचट जळून गेलं
काळ्या रानात
खोडव्याचा पहिला कोंभ

थोर नाहीत, मला ठाऊक आहे. पण पुण्यातल्या एका मित्राला पाठवल्या तर त्याचं उत्तर आलं, "खोडवा म्हणजे? खाली तळटीप दे." मला राग आला नाही, पण एक गोष्ट लख्ख दिसली. साकुराला त्यानं कधी तळटीप मागितली नव्हती. मराठी वाचकाला सहा हजार किलोमीटरवरचं झाड आपसूक कळतं, आणि दोनशे किलोमीटरवरचं पीक समजावून सांगावं लागतं. हे कुणाचं पाप आहे असं मी म्हणत नाही. कुठले शब्द सगळ्यांचे आणि कुठले 'ग्रामीण', हे कधीतरी कुणीतरी ठरवलं, आणि आपण ते तसंच चालू ठेवलं. करारावर सह्या कुणाच्या आहेत, हा प्रश्न प्रत्येक साइजिकीला विचारावा लागतो. माझ्या यादीलाही विचारा. 'पट्टा पडला' हा शब्द मी बांधावर उभा राहून लिहिलाय, ट्रॉलीत बसून नाही. ट्रॉलीत बसलेल्या मुलीच्या यादीत वसंत कदाचित वेगळ्याच शब्दानं सुरू होत असेल. ती यादी आल्याशिवाय कोश पुरा होणार नाही.

घाई करायला मात्र हवी, कारण शब्द हलायला लागलेत. पाचट पेटवू नका, रानातच कुजू द्या, असं आता कृषी खातं सांगतं आणि बरेच शेतकरी ऐकतात. जमिनीच्या दृष्टीनं ते चांगलंच आहे. म्हणजे माझ्या तीन ओळींतली पहिली ओळ काही वर्षांत जुनी होईल. होऊ दे. साइजिकीतूनही शब्द गळतात आणि नवे येतात.

जास्त काळजी मला दुसऱ्या एका शब्दाची वाटते. पूर्वी चैत्र-वैशाखात यायचा तो 'वळीव'. दुपारी उकाडा, मग वारा, विजा, गारा, मातीचा वास, आणि तासाभरात आभाळ मोकळं. तो नुकसान करायचा, कैऱ्या पाडायचा, तरी त्याला जागा होती. पंचांगात नसली तरी बोलण्यात होती. आता बातम्यांत वर्षभर एकच शब्द ऐकू येतो: 'अवकाळी'. डिसेंबरात पडला तरी अवकाळी, मार्चात पडला तरी अवकाळी, आणि मे महिन्यात खुद्द वळीव पडला तरी त्यालाही अवकाळीच म्हणतात. वळीव हा ऋतुशब्द आहे. अवकाळी हा ऋतू हरवल्याचा शब्द आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा बसला आणि आपल्या लक्षातही आलं नाही. जपानातही हे चाललंच आहे. क्योटोत चेरीच्या बहराच्या बाराशे वर्षांच्या नोंदी आहेत, आणि २०२१ साली बहर २६ मार्चला आला, तोवरच्या सगळ्या नोंदींत सर्वांत लवकर. पण लवकर आला हे त्यांना कळलं, कारण नोंद होती. वळीव कधी यायचा, कसा यायचा, त्यानंतर घरात काय चालायचं, हे आपण कवितेत नोंदवलेलं नसेल तर तो गेला हे सांगायलाही आपल्याकडे काही उरणार नाही. ऋतुशब्द सजावटीसाठी नसतो, तो असा उपयोगाला येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की हायकू लिहिणाऱ्यांनी, आणि सध्या मोबाइलवर आपण खूपजण लिहितोय, तीन ओळींच्या आधी एक शब्द शोधावा. आपल्या गावात, आपल्या गल्लीत या महिन्यात खरोखर काय होतं, त्याचा शब्द. मुंबईत राहात असाल तर मुंबईचा. तो दुसऱ्याला कळेल की नाही याची चिंता नको. करार पहिल्या दिवशी कधीच होत नाही. एकानं वापरायचा, दुसऱ्यानं उचलायचा, तिसऱ्यानं मोडायचा. असं होता होता तो सगळ्यांचा होतो.

आणि माझ्या त्या चेरीचं. मागच्या वर्षी एका बेकरीवाल्याशी बोलता बोलता कळलं की केकवरची ती लाल चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असतं. कच्च्या करवंदाची बी काढून, रंग देऊन, साखरेच्या पाकात मुरवलेलं. वैशाखात शिराळ्याकडच्या डोंगरातून बायका पाटीत भरून आणतात आणि पानाच्या द्रोणात घालून विकतात, तेच. घरी येऊन आज्जीला सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ते झाड आपल्याच डोंगरात असतं.

आज्जी म्हणाली, "मग तसं लिवायचं की."